दार कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?

ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरच्या पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा पहिल्यांदाच वाटपासाठी बाहेर काढण्यात आला. ६९ या आकड्याने सुरू होणारे हे पत्ते होते, १ कोटी ६७ लाखांहून थोडे जास्त. जगभरच्या पत्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘आयाना’ने ते उत्तर अमेरिकेची नोंदणी सांभाळणाऱ्या ‘एरिन’कडे सोपवले, एरिनने सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना दिले आणि कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना. मग तक्रारी येऊ लागल्या. लाइन चालू, मोडेम ठीक, बहुतेक साइट्स उघडतात. पण काही ठरावीक साइट्स काही केल्या उघडत नाहीत. वेगळ्या आकड्याने सुरू होणारा पत्ता असलेल्या ग्राहकाला मात्र त्याच साइट्स सुरळीत दिसत.

बिघाड ग्राहकाकडे नव्हता आणि कंपनीकडेही नव्हता. तो होता पलीकडच्या टोकाला, त्या साइट्सच्या फायरवॉलमध्ये. तिथे कोणीतरी कधीकाळी नियम लिहून ठेवला होता: ६९ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून काहीही आलं, तरी फेकून द्या. हा नियम कोणी स्वतःच्या डोक्याने काढला नव्हता, तो उतरवून घेतलेला होता. फायरवॉल कशी बांधावी हे शिकवणाऱ्या त्या काळच्या अनेक मार्गदर्शकांत आणि तयार स्क्रिप्टांत ‘अजून कोणालाच न दिलेल्या’ पत्त्यांची यादी असे. युक्तिवाद बिनतोड होता. हा पत्ता कोणाचाच नाही, म्हणजे त्यावरून आलेलं पॅकेट खोटं. लिहिला त्या दिवशी हा सल्ला पूर्णपणे बरोबर होता. फक्त यादी कोणत्या तारखेची आहे आणि ती पुन्हा कधी तपासायची, एवढंच बहुतेक ठिकाणी लिहायचं राहून गेलं होतं.

फायरवॉलच्या मार्गदर्शकांवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न इथे येऊन खरा बोचतो. चुकीचं लिहिणाऱ्या पुस्तकापासून सावध राहणं त्या मानाने सोपं आहे. बरोबर लिहिलेलं पुस्तक नेमकं कधी चुकीचं झालं, हे ओळखणं महाकठीण. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा या विद्येचा इतिहास पाहिला, तर सर्वांत जास्त मार बसला आहे तो याच ठिकाणी.

सुरुवातीला मार्गदर्शक असे नव्हतेच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवरच्या यंत्रांमध्ये शिरला आणि त्याने विद्यापीठं, प्रयोगशाळा ठप्प केल्या. त्या घटनेत ६,००० यंत्रं बाधित झाली असं पुढे कित्येक पुस्तकांत छापलं गेलं. तो आकडा कोणी मोजलेला नव्हता. इंटरनेटवर साधारण ६०,००० यंत्रं असतील आणि त्यांतली दहा टक्के सापडली असतील, असा तो अंदाज होता. सुरक्षेच्या पुस्तकांनी एकमेकांतून उतरवून घेतलेल्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक.

त्यानंतरची चार-पाच वर्षं काम आधी आणि लिखाण नंतर अशी गेली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या जेफ मोगल यांनी १९८९ मध्ये युनिक्स यंत्राला पॅकेटं गाळायला लावणारा ‘स्क्रीनडी’ हा प्रोग्राम मांडला. बेल लॅब्जमधल्या स्टीव्ह बेलोविन यांनी त्याच वर्षी टीसीपी/आयपीच्या मूळ रचनेतच कुठे कुठे भोकं आहेत याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी बिल चेसविक यांनी १९९० मध्ये बेल लॅब्जच्या दारावरचं यंत्र कसं रचलं आहे ते सविस्तर सांगितलं. १९९१ मध्ये डिजिटलने ‘सील’ या नावाने आपली फायरवॉल बाहेरच्या ग्राहकासाठी बसवायला सुरुवात केली. ही सगळी माणसं आधी दारावर उभी राहिली, मग लिहायला बसली.

चेसविक यांचा एक अनुभव या सगळ्या लिखाणाचा कस सांगतो. ७ जानेवारी १९९१ रोजी कोणीतरी बेल लॅब्जच्या यंत्रावर सेंडमेल प्रोग्राममधल्या एका जुन्या, कुप्रसिद्ध भोकातून शिरायचा प्रयत्न केला आणि पासवर्डची फाइल मागितली. भोक खरं तर केव्हाच बुजवलेलं होतं. चेसविक यांनी त्याला हाकलून लावलं नाही. बनावट फाइल पाठवून दिली. पुढे त्याच्यासाठी एक खोटं यंत्र उभारलं आणि कित्येक महिने तो काय टाइप करतो, कुठे अडतो, कोणत्या यंत्रावरून कोणत्या यंत्रावर उडी मारतो हे पाहून टिपून ठेवलं. त्यावरचा त्यांचा निबंध १९९२ च्या यूजनिक्स परिषदेत आला. हल्लेखोराच्या सवयी इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने ‘अमुक दार बंद ठेवा’ म्हणावं आणि ते कुठेतरी वाचलेल्या माणसाने म्हणावं, यांत फार अंतर आहे. वाचणाऱ्याला दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात, ही अडचण.

१९९४ मध्ये चेसविक आणि बेलोविन यांचं ‘फायरवॉल्स अँड इंटरनेट सिक्युरिटी’ हे पुस्तक ॲडिसन-वेस्लीने काढलं. फायरवॉलवरचं हे पहिलं मोठं पुस्तक. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं प्रास्ताविक मार्गदर्शकही त्याच सुमाराचं. पुढच्याच वर्षी ब्रेंट चॅपमन आणि एलिझाबेथ झ्विकी यांचं ‘बिल्डिंग इंटरनेट फायरवॉल्स’ ओरायली प्रकाशनाने बाजारात आणलं. पुढची दहाएक वर्षं जगभरच्या नेटवर्क चालवणाऱ्यांच्या टेबलावर या दोन पुस्तकांपैकी निदान एक तरी असे.

चॅपमन यांची विचार करण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. पुस्तकाच्या आधी, १९९२ मध्ये, त्यांनी पॅकेट गाळण्यातल्या असुरक्षिततेवर एक निबंध लिहिला होता. त्यांचा रोख असा: नियम लिहिणाऱ्याला वाटतं एक आणि नियम करतात दुसरंच. समजा, एका संस्थेला ई-मेलची ये-जा तेवढी चालू ठेवायची आहे, बाकी सगळं बंद. मेल २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, येते. मेल पाठवणारं यंत्र आपल्या बाजूला १०२३ च्या वरचा कोणताही तात्पुरता पोर्ट धरतं आणि त्याला उत्तरं त्या पोर्टवर जातात. मग नियम सरळ सुचतात. बाहेरून येणारं पॅकेट २५ कडे निघालं असेल तर सोडा. आतून त्याचं उत्तर १०२३ च्या वरच्या पोर्टकडे निघालं असेल तर सोडा. आपली मेल बाहेरच्या २५ कडे निघाली तर सोडा. तिचं उत्तर आत, १०२३ च्या वर, येत असेल तर सोडा. उरलेलं सगळं अडवा.

चार नियम, चारही समजायला सोपे, आणि एकेकटा घेतला तर प्रत्येक बरोबर. आता बाहेरचा एक माणूस मेलशी काडीचाही संबंध नसताना आतल्या यंत्राच्या ६००० या पोर्टकडे पॅकेट पाठवतो. त्या काळी युनिक्सच्या एक्स विंडो पडद्याचं दार या पोर्टवर असे आणि तिथे पोचलेल्याला समोरच्या माणसाचं टाइप केलेलं सगळं वाचता येऊ शके. ६००० हा आकडा १०२३ पेक्षा मोठा आहे, म्हणून चौथ्या नियमाने पॅकेट आत. उत्तर जातं बाहेरच्या माणसाच्या तात्पुरत्या पोर्टकडे, तोही १०२३ च्या वर, म्हणून दुसऱ्या नियमाने ते बाहेर. ‘फक्त मेल’ म्हणून उघडलेल्या दारातून वरचे सगळे पोर्ट मोकळे झाले.

यावर उपाय म्हणून पॅकेट कोणत्या पोर्टवरून निघालं तेही तपासावं, असं कोणी म्हणेल. तेव्हाच्या कित्येक राउटरना ते जमतच नसे. जमलं तरी हल्लेखोर आपल्या यंत्रावर २५ हाच पोर्ट वापरू शकतो. त्याच्या यंत्राचा मालक तोच आहे. मग पुढची पायरी: टीसीपीच्या पॅकेटातली पोच दाखवणारी खूण तपासायची. जोडणीच्या पहिल्या पॅकेटात ती नसते, नंतरच्या प्रत्येकात असते. उत्तरांना ती खूण सक्तीची केली, की बाहेरून नवी जोडणी सुरू होऊ शकत नाही. नियम असा एकेक पायरीने घट्ट होत जातो, आणि प्रत्येक पायरीवर आधीचा नियम कुठे फसला ते वाचकाला दिसतं. चांगल्या मार्गदर्शकाची याहून मोठी खूण नाही. असं प्रकरण वाचलेला माणूस दुसऱ्याने दिलेली यादीही त्याच नजरेने वाचू लागतो.

त्याच निबंधात नियमांच्या क्रमावरही भर आहे. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियम निकाल देतो, असं लिहिणारा धरून चालतो. पण काही राउटर वेग वाढवण्यासाठी नियमांचा क्रम आपल्या सोयीने बदलत, आणि क्रम बदलला की अर्थ बदले. पुस्तकातली यादी अक्षरशः बरोबर, उतरवून घेणाऱ्याची नक्कलही बरोबर. तरी खोक्याच्या आत निघालेला अर्थ तिसराच.

मार्कस रॅनम यांनी याला वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांच्या पुढाकाराने ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने १ ऑक्टोबर १९९३ रोजी ‘फायरवॉल टूलकिट’ प्रसिद्ध केलं, मूळ सोर्स कोडसकट. छोटे छोटे प्रोग्राम, प्रत्येकाचं काम एकच, आणि कोणालाही उघडून वाचता येईल इतके आटोपशीर. मार्गदर्शक काय म्हणतो आणि यंत्र काय करतं हे ताडून पाहायची सोय वाचकाच्या हातात आली.

भारतात ही विद्या आली ती बरीचशी छापील कागदावरून आणि सीडीवरून. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेमध्ये एरनेट या शैक्षणिक जाळ्याचं बाहेरच्या जगाकडे उघडणारं दार १९८९ च्या सुमारापासून होतं. पण सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने सेवा सुरू केली तेव्हा. जून १९९८ मध्ये, पोखरणच्या स्फोटांनंतर काही आठवड्यांतच, परदेशी पोरसवदा हॅकर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ई-मेल यंत्रणेत शिरले आणि फायरवॉल हा शब्द वर्तमानपत्रांच्या वाचकांपर्यंत पोचला. ओरायलीची पुस्तकं मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स स्वस्त भारतीय आवृत्तीत छापत, म्हणून ती परवडत. संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येत. सीडीवर ‘हाउटू’ नावाच्या मार्गदर्शकांचा अख्खा संच असे. डायल-अपचा मिनिटागणिक खर्च असताना सीडीवरचं वाचणं साहजिकच होतं. मूळ लेखक तिकडे नवी आवृत्ती काढो. इकडे सीडी दाबली त्या दिवसाची आवृत्तीच चालू राही.

हाउटूंचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा. फायरवॉलचा हाउटू आधी डेव्हिड रडर यांनी लिहिला, पुढे मार्क ग्रेनन यांनी सांभाळला, आणि त्याच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख ठळक असे. कोणत्या लिनक्ससाठी, कोणत्या हत्यारासाठी हे लिहिलं आहे ते पहिल्या पानांतच कळे. आज ही साधी शिस्त किती दुर्मीळ आहे, हे असले लेख शोधणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

आणि लिनक्सच्या बाबतीत तारखेला जिवाचं मोल होतं. १९९६ च्या २.० आवृत्तीत फायरवॉलचं हत्यार होतं ‘आयपीएफडब्ल्यूॲडम’. १९९९ मध्ये २.२ आली, तिच्यात रस्टी रसेल यांचं ‘आयपीचेन्स’. जानेवारी २००१ मध्ये २.४ आली आणि त्याच रसेल यांचं ‘आयपीटेबल्स’ आलं. पाच वर्षांत तीन हत्यारं.

त्यांतली शेवटची उडी सर्वांत फसवी होती. आयपीचेन्समध्ये यंत्रात शिरणारं प्रत्येक पॅकेट ‘इनपुट’ या नियमांच्या साखळीतून जाई, मग ते त्याच यंत्रासाठी असो वा त्याच्यामागच्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या यंत्रासाठी. त्यामुळे सगळे पहारे ‘इनपुट’वर बसवले तरी मागचं नेटवर्क सुरक्षित राही. आयपीटेबल्समध्ये रसेल यांनी रचना बदलली. ‘इनपुट’मध्ये आता फक्त त्या यंत्रासाठी आलेली पॅकेटं येतात, पुढे जाणारी पॅकेटं ‘इनपुट’ला न शिवता सरळ ‘फॉरवर्ड’ साखळीतून जातात. नवी रचना जास्त स्वच्छ आहे. पण जुन्या मार्गदर्शकातले ‘इनपुट’चे नियम नव्या हत्यारात लिहिले, तर फायरवॉलचं स्वतःचं यंत्र कडेकोट आणि त्याच्यामागचं अख्खं ऑफिस उघडं. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, कारण प्रत्येक ओळ व्याकरणाने शुद्ध.

रसेल यांना हा धोका दिसत होता. म्हणून त्यांनी साखळ्यांची नावं लहान अक्षरांऐवजी मोठ्या अक्षरांत केली आणि आपल्या हाउटूमध्ये आयपीचेन्स आणि आयपीटेबल्समधल्या फरकांचं वेगळं प्रकरण घातलं. नावबदलाचं कारणही तिथे दिलं: साखळीचा अर्थ बदलला आहे. जुनी ओळ जशीच्या तशी टाकली तर यंत्र अडखळावं, ही त्यातली जमेची बाजू. अडखळल्यावर माणूस हाउटू उघडून बघेल की नुसती अक्षरं मोठी करून पुढे जाईल, हे मात्र कोणाच्याच हातात नव्हतं.

आता त्या सल्ल्याकडे, ज्याने बहुधा सर्वांत जास्त लोकांना छळलं: आयसीएमपी पूर्ण बंद करा. आयसीएमपी म्हणजे नेटवर्कच्या घरातले निरोप. पत्ता पोचत नाही, वेळ संपली, पॅकेट फार मोठं आहे, यंत्र जागं आहे का, असले. १९९६ मध्ये ‘पिंग ऑफ डेथ’ आलं. अवाढव्य पिंग पाठवून यंत्र कोसळवता येत होतं. पाठोपाठ ‘स्मर्फ’ आलं. एका पिंगला शेकडो यंत्रांकडून उत्तरं काढून ती सावजावर लोटता येत होती. दोन्ही धोके खरे होते. घाईत लिहिलेल्या मार्गदर्शकांनी एका ओळीत निकाल लावला: आयसीएमपी बंद. पिंग बंद करा म्हणणं पुरलं असतं. सगळं बंद करणं सांगायला सोपं होतं.

त्या निरोपांत एक निरोप फार मोलाचा होता. वाटेत एखादा रस्ता अरुंद असेल आणि पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ असं लिहिलं असेल, तर मधला राउटर उलट कळवतो की पॅकेट लहान करा. या निरोपावर उभी असलेली, वाटेची रुंदी शोधून काढण्याची पद्धत नोव्हेंबर १९९० मध्ये आरएफसी ११९१ या दस्तऐवजात आली. तिच्या दोन लेखकांपैकी एक होते जेफ मोगल, ‘स्क्रीनडी’चे तेच. पॅकेट गाळायला शिकवणाऱ्या माणसानेच कोणतं पॅकेट गाळू नये तेही लिहून ठेवलं होतं. मार्गदर्शक लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पहिली शिकवण उचलली, दुसरी सोडली.

इथरनेटवरचं पॅकेट १,५०० बाइट्सपर्यंत असतं. घरगुती डीएसएल ब्रॉडबँडवर पीपीपीओई ही पद्धत त्यातले ८ बाइट्स स्वतःकडे घेते, उरतात १,४९२. आठ बाइट्सचा फरक. पण पलीकडच्या सर्व्हरने १,५०० बाइट्सचं पॅकेट पाठवलं, ते वाटेत अडलं, ‘लहान करा’ हा निरोप सर्व्हरच्या फायरवॉलने फेकून दिला, तर सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. ग्राहकाला दिसतं ते विचित्र. साइटशी जोडणी होते, छोटं पान येतं, मोठं पान अर्ध्यावर लटकतं. मेलचा मजकूर येतो, जोडलेली फाइल येत नाही. भारतात २००५ पासून डीएसएल घराघरांत गेलं तेव्हा मोडेमच्या सेटिंगमधला १४९२ हा आकडा घरच्या घरी संगणक दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या तोंडी बसला. या लटकण्याचं दुखणं सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये सविस्तर लिहिलेलं आहे. आयपीटेबल्सच्या मॅन्युअलमध्ये त्यावरची पळवाट सांगताना आयसीएमपी अडवणाऱ्यांबद्दल चांगलेच कडक शब्द आहेत.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आली तेव्हा हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही, कारण तिथे मधले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत. मे २००७ च्या आरएफसी ४८९० ने आयसीएमपीव्ही६च्या निरोपांची वर्गवारी करून दिली: कोणते कधीही अडवू नयेत, कोणते सहसा अडवू नयेत, कोणते अडवावेत, कोणत्यांबाबत संस्थेने स्वतः ठरवावं. प्रत्येक निर्णयाला कारण जोडलेलं आहे. वाचायला ते रुक्ष आहे, पण फायरवॉलच्या सल्ल्याचा इतका प्रामाणिक नमुना क्वचितच सापडतो.

डीएनएसची कथाही याच वळणाची. नावावरून पत्ता शोधण्याची ही सेवा बहुतेक वेळा, आधी जोडणी न करता निरोप पाठवणाऱ्या यूडीपीवरून चालते. उत्तर ५१२ बाइट्समध्ये मावलं नाही तर टीसीपीवरून पुन्हा विचारायचं, अशी मूळ योजना. पण टीसीपीचा ५३ पोर्ट फक्त अख्ख्या झोनची, म्हणजे एका नावाखालच्या सगळ्या नोंदींची, नक्कल उतरवण्यासाठी लागतो, म्हणून बाहेरच्यांसाठी तो बंद ठेवा, असा समज पसरला. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये टीसीपीची सोय असायला हवी, असं लिहिलेलं होतं. तरी समज टिकला. पुढे डीएनएसला सह्या जोडणारी डीएनएसएसईसी आली, उत्तरं फुगली आणि बंद दारांवर आपटू लागली. २०१० मध्ये टीसीपी सक्तीचं करावं लागलं. मार्च २०२२ च्या आरएफसी ९२१० ने तर या गोंधळाचा मागचा इतिहासही मांडला आणि त्यात १९९४ च्या चेसविक-बेलोविन पुस्तकाचा दाखला आहे. क्षेत्रातलं सर्वांत विश्वासू पुस्तकही प्रत्येक ओळीत कायमचं विश्वासू राहत नाही. लेखकांना याची जाण होती. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीत एव्हिएल रुबिन यांना सोबत घेऊन त्यांनी पुस्तक नव्याने लिहिलं आणि पहिली आवृत्ती सर्वांना वाचायला मोकळी केली.

या साऱ्याचा प्रत्यक्ष फायरवॉलींवर काय परिणाम होतो, हे मोजायचा प्रयत्न तेल अवीव विद्यापीठाच्या अविशाय वूल यांनी केला. २००० आणि २००१ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या संस्थांच्या ३७ चालू फायरवॉलींचे नियम गोळा केले. सगळ्या चेक पॉइंट बनावटीच्या. बारा प्रकारच्या चुका ठरवल्या आणि कोणत्या फायरवॉलीत किती सापडतात ते पाहिलं. गुंतागुंत मोजायला त्यांनी साधं सूत्र वापरलं: नियमांची संख्या, त्यांत नाव दिलेल्या वस्तूंची संख्या आणि नेटवर्कच्या तोंडांच्या जोड्या, यांची बेरीज. २००४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की बहुसंख्य फायरवॉली ढिसाळ होत्या आणि गुंतागुंत वाढली की चुका वाढत होत्या. २०१० मध्ये त्यांनी ८४ फायरवॉली घेऊन पुन्हा तपासलं, आता सिस्कोच्याही. गुंतागुंतीचा निष्कर्ष टिकला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती असली की चुका कमी, हे पहिल्या वेळी दिसलेलं चित्र दुसऱ्या वेळी दिसलं नाही.

वूल यांच्या मोजणीचा मार्गदर्शकांशी थेट संबंध जोडता येतो. कारण न लिहिलेला नियम कोणी काढत नाही. तो कशासाठी आहे कोणालाच ठाऊक नसतं, काढला आणि काही मोडलं तर जबाबदारी काढणाऱ्यावर. म्हणून जुना राहतो, नवा वर चढतो, बेरीज वाढत जाते. प्रत्येक नियमाशेजारी ‘कोणी, कधी, कशासाठी’ लिहा असं सांगणारा मार्गदर्शक उरलेल्या पानांत थोडा मागास असला, तरी दहा वर्षांनी त्याची फायरवॉल साफ करता येते. ६९ची यादी याच कारणाने कुजली. पत्त्यांची यादी सतत ताजी ठेवून पुरवणारी ‘टीम कम्री’सारखी सोय तेव्हाही होती, यादी छापील असू नये, चालती असावी, हा विचार मात्र फार थोड्या मार्गदर्शकांत होता. २०१० च्या जानेवारीत १ने सुरू होणारे पत्ते आशियाच्या नोंदणी संस्थेला दिले गेले. ते कोणाचेच नाहीत असं धरून लोक वर्षानुवर्षं ते आपल्या आतल्या कामांसाठी आणि उदाहरणांत वापरत आले होते. त्या पत्त्यांकडे जगभरातून इतकी भरकटलेली पॅकेटं येत होती, की वाटपाआधी त्यांची चाचणी घ्यावी लागली.

लिनक्सवर आज आयपीटेबल्सची जागा ‘एनएफटेबल्स’ घेत आहे. जानेवारी २०१४ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. सामान्य सर्व्हरवाल्याला या थरांपासून दूर ठेवायला उबुंटूने २००८ मध्ये ‘यूएफडब्ल्यू’ हे सोपं वेष्टण दिलं. ‘बाहेरून येणारं सगळं बंद, फक्त अमुक पोर्ट चालू’ असं दोन-तीन ओळींत सांगता येतं. मार्गदर्शकही दोन-तीन ओळींचे झाले. मार्च २०१३ मध्ये डॉकर आलं, प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं हत्यार. डॉकर एखाद्या कंटेनरचा पोर्ट बाहेर उघडतं तेव्हा ते यूएफडब्ल्यूला विचारत नाही. आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितं. पॅकेटचा पत्ता वाटेतच बदलून कंटेनरचा होतो, आणि ते यंत्रासाठी न राहता पुढे जाणारं पॅकेट बनतं. म्हणजे ते ‘इनपुट’मधून जातच नाही, ‘फॉरवर्ड’मधून जातं. यूएफडब्ल्यूचा पहारा ‘इनपुट’वर बसलेला असतो. मालकाच्या पडद्यावर ‘सगळं बंद’ अशी यादी दिसत असते आणि डेटाबेसचा पोर्ट जगाला उघडा असतो. २००१ मध्ये रसेल यांनी ज्या फरकासाठी अक्षरं मोठी केली, तोच हा फरक.

डॉकरच्या अधिकृत दस्तऐवजांत आता हे स्वच्छ लिहिलेलं आहे. स्वतःचे नियम कोणत्या साखळीत लिहावेत हे सांगितलं आहे. पोर्ट फक्त त्याच यंत्रापुरता, १२७.०.०.१ या पत्त्यावर, बांधायचा मार्गही आहे. पडताळायला दुसऱ्या नेटवर्कवरचं एक यंत्र आणि १९९७ पासून फुकट मिळणारा एनमॅप हा प्रोग्राम पुरतो: बाहेर बसायचं, सर्व्हरच्या पत्त्याचे सगळे पोर्ट ठोठावायचे आणि जे उत्तर येईल ते आपल्या यादीशी ताडून पाहायचं. कित्येक मार्गदर्शकांची शेवटची ओळ मात्र अजूनही यूएफडब्ल्यू चालू करण्याची असते, आणि बाहेर जाऊन पाहण्याची पायरी त्यांत नसते.